सापाच्या नळ्या

रायगड जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याला असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जूनच्या पहिल्या आठवड्यात नवे डॉक्टर रुजू झाले. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालं की बंधपत्राप्रमाणे वर्षभर सरकारची नोकरी करावी लागते, तशी ही नेमणूक. वय पंचवीसच्या आत. हातात आदेश, पाठीला सॅक आणि सॅकेत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं एक प्रमाणपत्र. इंटर्नशिप संपता संपता झालेल्या नेतृत्व कार्यशाळेचं.

कार्यशाळा झकास झाली होती. कागदी पेल्यांचा मनोरा कोणता गट उंच रचतो याची चुरस लागली, हंसांचा थवा व्ही आकारात का उडतो याची स्लाइड झाली, जेवणात श्रीखंड होतं. पाहुण्या वक्त्यांनी शेवटी सांगितलं, की नेता पहिल्याच दिवशी आपली छाप पाडतो. डॉक्टरांनी हे वाक्य वहीत अधोरेखित करून ठेवलं होतं.

आपल्याकडे बँकेतल्या नव्या कारकुनाला मॅनेजर व्हायला निम्मी नोकरी घालवावी लागते. डॉक्टरचं तसं नाही. तो रुजू झाला त्याच दिवशी साहेब होतो. डोंगराळ भागात वीस हजार आणि सपाटीला तीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, असा सरकारी हिशेब आहे. त्या केंद्रातल्या सिस्टर, औषध निर्माण अधिकारी, ड्रायव्हर, शिपाई, स्त्री परिचर हे सगळे, कुणी वीस तर कुणी तीस वर्षं नोकरी झालेले, कालपर्यंत कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसणाऱ्या या मुलाच्या सहीवर चालू लागतात. २०१९ साली आलेल्या नव्या अभ्यासक्रमाने पदवीधर डॉक्टरच्या पाच भूमिका ठरवून दिल्या आहेत. त्यांत रोग्यावर उपचार करणारा ही पहिली आणि संघाचा नेता व सदस्य ही दुसरी. आमच्या डॉक्टरांना पाचही पाठ होत्या. दुसरीतला ‘व सदस्य’ हा भाग पाठ करताना गळून गेला असावा, असा मला संशय आहे.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कष्टाळू होता, पैशाला हात लावणारा नव्हता. याच जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्याचं दैवत. विंचू चावल्याने पोरंबाळं दगावताना पाहून ते रात्र रात्र खाटेशेजारी बसले, प्राझोसिनच्या गोळीचा उपयोग शोधला आणि लॅन्सेटसारख्या वैद्यकीय नियतकालिकात जगाला सांगितला. असं काहीतरी आपल्या हातून व्हावं, या उमेदीने तो आला होता. बावस्करांच्या गोष्टीतलं खाटेशेजारचं बसणं आणि बघत राहणं त्याने ऐकलं होतं, पण मनात ठसला होता तो एकटा लढणारा वीर.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी केंद्राची फेरी काढली. मागे सगळा स्टाफ. भांडारखोलीच्या खिडकीत एक गंजका पत्र्याचा डबा होता, वर बोटभर धूळ. डॉक्टरांनी झाकण उघडलं. आत जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या टेस्ट ट्यूब.

“हे काय?”

“सापाच्या नळ्या, साहेब,” मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे तिथल्या स्त्री परिचर. फरशी पुसणं, बाळंतिणीला धरणं, काचसामान धुणं, सगळं त्यांच्याकडे. “त्या येगळ्या ठेवायच्या असतात, कारन त्यांना...”

“एवढी धूळ?”

“धूळ डब्यावर हाय साहेब, आत नाय. त्या नळ्यांना...”

“मावशी, कारणं नकोत. आजपासून इथं एकच पद्धत. जेवढी काच आहे तेवढी सगळी पावडरीच्या पाण्यात बुडवायची, ब्रशने घासायची आणि संध्याकाळी मला दाखवायची. हा डबा भंगारात.”

मावशींनी एकदा सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे पाहिलं. “बरं साहेब,” मावशी म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत केंद्र लखलखीत झालं. सरपंच येऊन कौतुक करून गेले. छाप पडली होती.

जुलैत लावणी जोरात आली. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकलेली माणसं आणि बांधाच्या बिळांतून पाण्याने बाहेर काढलेली जनावरं, हे कोकणातलं दरवर्षीचंच. एका संध्याकाळी चाळिशीच्या एका शेतकऱ्याला चौघांनी उचलून आणलं. पायाला काहीतरी चावलं होतं. साप दिसला नव्हता, चिखलात दिसतो कुठं? घोट्याजवळ दोन बारीक टोचे, किंचित सूज, पोटरीला करकचून बांधलेली सुंभाची दोरी आणि भीतीने पांढराफटक चेहरा.

डॉक्टरांनी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं. दोरी सोडली, पाय हलू दिला नाही, नाडी आणि रक्तदाब पाहिला, सलाइनची सुई लावून ठेवली. दोन मिली रक्त काढून कोरड्या काचेच्या नळीत घातलं आणि नळी टेबलावर उभी केली. वीस मिनिटं तिला धक्का लावायचा नाही. मग हलकेच तिरकी करायची. रक्ताची गुठळी जागेवर राहिली तर ठीक, रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं समजायचं. या चाचणीला वीज, यंत्र, तंत्रज्ञ काही लागत नाही. लागते ती फक्त स्वच्छ, कोरडी, काचेची नळी.

आणि इथे स्वच्छ याचा अर्थ जरा वेगळा आहे. रक्त नळीत गोठतं ते काचेच्या स्पर्शाने. काचेवर धुण्याच्या पावडरीचा नुसता पापुद्रा राहिला, डोळ्यांना न दिसणारा, तरी तो स्पर्श काम करत नाही आणि चांगल्या माणसाचं रक्तही पातळच राहू शकतं. केंद्रात पूर्वी असलेल्या एका लॅबवाल्यांनी निवृत्त होताना मावशींना बजावून ठेवलं होतं, की या नळ्यांना साबण दाखवायचा नाही. म्हणून तो डबा.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी तिरकी केली. रक्त वाहिलं.

“एएसव्ही काढा. दहा व्हायल.”

सिस्टर क्षणभर थांबल्या. “साहेब, हिरड्यांतून, लघवीतून कुठंच रक्त नाही. सूजपण वाढलेली नाही. एकदा परत लावून बघायची का?”

“सिस्टर, टेस्ट तुमच्यासमोर आहे. वेळ घालवू नका.”

दारात पोछा घेऊन मावशी उभ्या होत्या. त्यांनी नळीकडे पाहिलं. ती आपणच पावडरीच्या पाण्यातून काढली आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पोछा पिळला आणि त्या कॉरिडॉरमध्ये गेल्या.

एएसव्ही म्हणजे सर्पदंशावरचं प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनतं. विष चढलेल्या माणसाला ते जीवदान देतं, पण काहींच्या अंगाला ते मानवत नाही. ठिबक सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, शेतकऱ्याने मान खाजवायला सुरुवात केली. मग छातीवर गांधी उठल्या. मग श्वासाला शिट्टी लागली. रक्तदाब मोजेपर्यंत नाडी हाताला लागेनाशी झाली. डॉक्टर ओरडले, “ॲड्रिनलिन!” ते सिस्टरने आधीच सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं, कुणी न सांगता. अर्धा मिली, मांडीत. ठिबक बंद, सलाइन पूर्ण सोडलं, ऑक्सिजन. पाच मिनिटांनी पुन्हा एक इंजेक्शन. हळूहळू नाडी बोटाला लागली. १०८ ची गाडी आली तेव्हा तो माणूस बोलत होता. डॉक्टरांना मात्र बोलता येत नव्हतं.

दोन तासांनी उपजिल्हा रुग्णालयातून फोन आला. तिथला ड्यूटी डॉक्टर त्यांच्याच कॉलेजचा, दोन वर्षं सीनियर.

“अरे, याचं रक्त व्यवस्थित गोठतंय. दोन तासांत आणि अर्ध्या डोसवर एवढं सुधारत नसतं. तू टेस्ट कशात केलीस?”

डॉक्टर भांडारखोलीत गेले. मावशी तिथेच होत्या.

“मावशी, त्या नळ्या...”

“साबनाच्या हायत, साहेब.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय.”

“मग बोलला का नाहीत?”

मावशींनी उत्तर दिलं नाही. द्यायची गरजही नव्हती; पहिल्या दिवशीचं ते अर्धवट वाक्य दोघांनाही आठवत होतं. डबा भंगारात गेलेला नव्हता. मावशींनी तो घरी नेऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीत परत आला, आत नव्या कोऱ्या नळ्या घेऊन.

आता खरं तर खालच्या माणसाला बोलू द्यावं, हे या डॉक्टरांना शिकवलेलंच होतं. शस्त्रक्रियेआधी वाचायची जागतिक आरोग्य संघटनेची एक यादी आहे. ती तयार करण्यात ज्यांचा पुढाकार होता, ते डॉ. अतुल गावंडे अमेरिकेत वाढले, पण त्यांच्या वडिलांचं गाव आपल्या विदर्भातलं उटी. दिल्लीसकट आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली आणि २००९ साली निष्कर्ष छापून आले. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. यादीत कलमं किती? एकोणीस. हे डॉक्टरांना प्रवेश परीक्षेच्या तयारीत पाठ झालं होतं. त्यांतलं एक कलम असं आहे, की चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं. वाचताना पोरकट वाटतं. पण ज्याने एकदा तोंड उघडलं, त्याला पुढे ‘थांबा’ म्हणणं सोपं जातं, हा त्यामागचा हिशेब. डॉक्टरांनी इंटर्न असताना ही यादी भरताना पाहिली होती. ऑपरेशन आटोपल्यावर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून कुणीतरी सगळ्या खुणा एका दमात करून टाकायचं.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात २००१ च्या सुमारास डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनीही अशीच एक पाच पायऱ्यांची यादी केली, मोठ्या शिरेत नळी घालताना जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून. हात धुवा, कातडी जंतुनाशकाने पुसा, असल्या साध्या गोष्टी. नर्सना फक्त बघायला सांगितलं, तर एक तृतीयांशाहून अधिक रोग्यांच्या बाबतीत डॉक्टर एखादी पायरी गाळत होते. मग व्यवस्थापनाने नर्सना अधिकार दिला, की पायरी गाळली तर डॉक्टरला थांबवा, आम्ही तुमच्या मागे आहोत. यादी कागदावर होती तीच राहिली. बदललं ते कोण कुणाला थांबवू शकतं एवढंच, आणि संसर्ग झपाट्याने खाली आला.

आमच्या डॉक्टरांनी घटनेचा अहवाल लिहिला. त्यात ‘परिचराने नळ्या डिटर्जंटने धुतल्या’ असं लिहिता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. त्यांनी लिहिलं, ‘माझ्या आदेशावरून धुतल्या, परिचर कारण सांगत असताना मी ऐकून घेतलं नाही.’ तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी वाचून चष्मा काढला. “असं लिहीत नसतात,” ते म्हणाले. पण कागद पुढे पाठवला.

मग डॉक्टरांनी रोज सकाळी ओपीडीच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना व्हरांड्यात उभं करायला सुरुवात केली. बोलायचं खालून वर. आधी मावशी, मग ड्रायव्हर, शिपाई, आशाताई आली असेल तर ती, मग सिस्टर, औषधवाले भाऊ आणि शेवटी आपण. आपण आधी बोललो की बाकीचे आपलंच बोलणं परत म्हणतात, एवढं त्यांना कळलं होतं.

पण तरी कुणी बोलेना. “सगळं ठीक आहे साहेब,” मावशींपासून औषधवाल्यांपर्यंत तेच. कसं बोलतील? साहेब एका वर्षाचा, नोकरी तीस वर्षांची. असे उत्साही साहेब त्यांनी आधीही पाहिले होते आणि त्यांच्या बदल्याही पाहिल्या होत्या. कार्यशाळेच्या वहीत यावर काही तोडगा नव्हता.

कोंडी फुटली ती स्टेपनीवरून. एके दिवशी ड्रायव्हर कंटाळून म्हणाला, “रुग्णवाहिकेची स्टेपनी दोन महिने पंक्चर आहे साहेब. मागं सांगितलं होतं, कागद कुठं गेला माहीत नाही.” डॉक्टरांनी ओपीडी संपल्यावर स्वतः तालुक्याला फोन लावला, संध्याकाळी कागद घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी नवा टायर आला. पुढल्या सोमवारी शिपायाने सांगितलं, की लेबर रूमचा इन्व्हर्टर दहा मिनिटंच चालतो. आशाताईने सांगितलं, की धनगरवाड्यावरच्या एका गरोदर बाईला पायाला सूज आहे, पण सासू पाठवत नाही. सिस्टर म्हणाल्या, “साहेब, तुमचं अक्षर कळत नाही.” सगळे हसले. डॉक्टरही हसले, मात्र तेव्हापासून डोस छापील अक्षरात लिहू लागले. नेतृत्व म्हणतात त्यातला बराचसा भाग हा असा टायरचा, इन्व्हर्टरचा आणि पाठपुराव्याच्या फोनचा असतो. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं, म्हणून स्लाइडवर येत नाही.

ऑक्टोबरात इंटर्नची तुकडी आली. त्यातली एक मुलगी हुशार, चटपटीत. तिच्या लॉगबुकमध्ये ‘नेता’ या भूमिकेसाठी वेगळं पान होतं. एक प्रसंग लिहायचा आणि वरिष्ठांची सही घ्यायची.

भातकापणी चालू होती. रात्री गोठ्यात गेलेल्या एका बाईला घोणस चावली. घरच्यांनी साप पाहिला होता. पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. डॉक्टरांनी नळी लावली आणि लगेच १०८ ला फोन केला. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, रक्त वाहिलं. सिस्टर व्हायल फोडू लागल्या, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“साहेब, थांबा. ही नळी माझ्या डब्यातली नाय वाटत.”

इंटर्नच्या कपाळावर आठी आली. बाईच्या तोंडातून रक्त येतंय, सूज वाढतेय, आणि नळी कोणत्या डब्यातली हे कसलं घेऊन बसलात? वैद्यकीय दृष्टीने तिचं बरोबर होतं. इतकी लक्षणं दिसत असताना नळीसाठी आणखी वीस मिनिटं खोळंबणं चूक ठरलं असतं.

डॉक्टरांनी मान वर केली. “मावशी, तुमच्या हाताने डब्यातली एक नळी द्या. सिस्टर, एएसव्ही जायच्या आधी दोन मिली रक्त काढा, त्या नळीत घाला. आणि एएसव्ही चालू करा, लक्षणं स्पष्ट आहेत, थांबायचं नाही. ॲड्रिनलिन भरलंय?”

“भरलंय.”

मिनिटभरसुद्धा गेलं नाही. दुसऱ्या नळीतलं रक्तही वीस मिनिटांनी पातळच होतं. पहिली नळीही डब्यातलीच होती. मावशींना वाटलं ते चूक होतं. गाडी गेल्यावर डॉक्टर मावशींना म्हणाले, “दोन्ही नळ्यांत सारखंच आलं. बरं झालं, खात्री झाली. पुन्हा शंका आली तर असंच सांगा.” आणि व्हरांड्यातल्या वहीत, स्टेपनी आणि इन्व्हर्टरच्या रांगेत, तारीख घालून लिहिलं: ‘नळीबद्दल शंका, मावशी. तपासली.’

सकाळी इंटर्नने विचारलं, “सर, पण त्या चुकल्याच ना? तुम्ही त्यांना तसं स्पष्ट का नाही सांगितलं?”

“सांगितलं की. दोन्ही नळ्यांत सारखं आलं, म्हणालो.”

“म्हणजे रागावला नाहीत.”

“रागावलो असतो तर पुढच्या वेळी काय झालं असतं? जुलैची फाइल वाचा. कपाटात आहे.”

तिने वाचली. दुपारी येऊन बसली आणि लॉगबुकच्या त्या पानावर रात्रीचा प्रसंग लिहून काढला. पान डॉक्टरांपुढे सरकवलं. त्यांनी वाचलं आणि परत दिलं.

“सही मावशींची घ्या.”

“सर, वरिष्ठांची लागते.”

“मी खाली करतो. आधी त्यांची.”

मावशी सातवी पास. मस्टरवर रोज सही करतात. हात पदराला पुसून त्यांनी लॉगबुक घेतलं आणि ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“मॅडम, साडेनऊ नाय. नळी लावली तवा दहा झालं होतं. शेवटची एसटी गेली की तवा.”

“मावशी, मी केसपेपरवरून उतरवलंय.”

“मंग केसपेपरात चुकलंय.”

इंटर्नने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी मोबाइल काढला. नळी लावल्याबरोबर १०८ ला केलेल्या फोनची वेळ होती दहा वाजून चार मिनिटं. केसपेपरवर त्यांच्याच छापील अक्षरात साडेनऊ होते आणि रेफर चिठ्ठीवरही. एएसव्ही सुरू झाल्यापासून दर सहा तासांनी रक्त पुन्हा तपासायचं असतं, तो सगळा हिशेब या वेळेवरून चालतो. त्यांनी साडेनऊवर एक रेघ मारली, दहा लिहिले, बाजूला सही आणि तारीख घातली आणि उपजिल्हा रुग्णालयात फोन लावला.

“अर्धा तास इकडेतिकडे, एवढं काय?” तिकडून सीनियर म्हणाला. “आणि आता कुणी सांगितलं दहा?”

“मावशींनी. पुढच्या टेस्टची वेळ बदलून घे,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.